हिऱ्याच्या पृष्ठभागालगतचे परिवलन आणि पाण्यातील फ्लोराइड

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसराच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेबाहेर असल्याचे भूवैज्ञानिकांनी दाखवून दिले असून, या विषयावरील अभ्यास २००७ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे, आणि पाण्याचा दुसरा स्रोत उपलब्धच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालावे, असे भारतीय मानक सांगते. यापेक्षा अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले तर लहान मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे ताठरतात. असे पाणी चवीला, रंगाला वा वासाला वेगळे नसते. ते उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. म्हणून जे डोळ्यांना दिसत नाही ते मोजणे, हा या प्रश्नाचा पहिला भाग ठरतो.

मोजमापाच्या शास्त्रात अलीकडे एका नव्या साधनाची भर पडली आहे. हे साधन म्हणजे हिरा. अलंकारातील हिऱ्याचे मोल त्याच्या निर्दोषपणावर ठरते; या साधनातील हिऱ्याचे मोल मात्र त्यातील दोषावर ठरते, आणि तो दोष हिऱ्याच्या पृष्ठभागापासून किती खोल आहे यावर त्याचा उपयोग अवलंबून असतो. हे साधन काय करू शकते, काय करू शकत नाही, आणि यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या प्रश्नाशी त्याचा संबंध कोठे येतो, याचा विचार या लेखात केला आहे.

उपकारक दोष

विदर्भाला हिरा अपरिचित नाही. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या वैरागड येथील हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख ‘ऐन-इ-अकबरी’त आढळतो. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. त्यातील प्रत्येक अणू चार शेजारी अणूंशी बद्ध असतो आणि दोन शेजाऱ्यांमधील अंतर ०.१५४ नॅनोमीटर भरते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एक घन नॅनोमीटर हिऱ्यात सुमारे १७६ अणू मावतात.

या सुबक रचनेत एखाद्या कार्बन अणूच्या जागी नायट्रोजनचा अणू बसतो आणि त्याला लागूनच असलेली जागा रिकामी राहते. या जोडीला ‘नायट्रोजन-रिक्तस्थान केंद्र’ असे म्हणतात. हे केंद्र आसपासच्या जालकातून एक इलेक्ट्रॉन मिळविते आणि ऋणभारित होते. त्यातील दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन मिळून एका सूक्ष्म चुंबकाप्रमाणे वागतात. इलेक्ट्रॉनाच्या या अंगभूत गुणधर्मास ‘परिवलन’ असे नाव आहे. भोवऱ्याची उपमा येथे सोयीची असली तरी ती फार ताणू नये. कारण भोवरा कोणत्याही कोनात कलू शकतो, तर या केंद्राच्या परिवलनाच्या मोजणीत शून्य, अधिक एक आणि उणे एक या तीनच स्थिती आढळतात.

बाह्य चुंबकीय क्षेत्र नसताना अधिक एक व उणे एक या दोन्ही स्थिती शून्य स्थितीपेक्षा सारख्याच उंचीवर असतात. हे अंतर कंप्रतेच्या भाषेत २.८७ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे सूक्ष्मतरंगांच्या टप्प्यात येते. या केंद्रावर हिरवा प्रकाश टाकला असता ते तांबडा प्रकाश परत देते. केंद्र शून्य स्थितीत असेल तर हा तांबडा प्रकाश ठळक असतो. अन्य दोन स्थितींत तो सुमारे एक-तृतीयांशाने मंद होतो. शिवाय हिरवा प्रकाश काही मायक्रोसेकंद चालू ठेवला की केंद्र बहुतांशी शून्य स्थितीत परत येते. अशा रीतीने प्रकाशाने केंद्र सज्ज करावयाचे, सूक्ष्मतरंगांनी त्याचे परिवलन वळवावयाचे आणि पुन्हा प्रकाशानेच त्याची स्थिती वाचावयाची, असा हा क्रम आहे. हे सर्व सामान्य तापमानास घडते. द्रवरूप हेलियमची शीतयंत्रणा लागत नाही, हा या साधनाचा मोठाच गुण होय.

चुंबकीय क्षेत्र लागू झाले की अधिक एक व उणे एक या स्थिती एकमेकींपासून दूर सरकतात. क्षेत्र केंद्राच्या अक्षाच्या दिशेने असेल तर दर मिलिटेस्लास प्रत्येक स्थिती सुमारे २८ मेगाहर्ट्‌झ सरकते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आपल्या भागात स्थूलमानाने ४० मायक्रोटेस्ला धरले, तर प्रत्येक रेषा १.१२ मेगाहर्ट्‌झने सरकेल आणि दोन रेषांत २.२४ मेगाहर्ट्‌झचे अंतर पडेल. दुसरीकडे तापमान एक अंशाने वाढले की मूळ कंप्रता सुमारे ७४ किलोहर्ट्‌झने घटते. दिवस आणि रात्र यांच्या तापमानात १५ अंशांचा फरक असेल, तर कंप्रता १.११ मेगाहर्ट्‌झने बदलेल. म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या क्षेत्राइतकाच परिणाम होईल. तरीही या दोहोंत घोटाळा होत नाही. तापमान दोन्ही रेषांना एकाच दिशेने सरकविते, तर क्षेत्र त्यांना विरुद्ध दिशांना नेते. दोन्ही रेषा मोजल्या की दोन्ही राशी वेगळ्या काढता येतात.

अशा एकाच केंद्राचे प्रकाशाच्या साहाय्याने निरीक्षण प्रथम १९९७ साली जर्मनीत झाले. २००८ साली हार्वर्ड व स्टुटगार्ट येथील गटांनी एका केंद्राने चुंबकीय क्षेत्र मोजून दाखविले आणि २०१३ साली हिऱ्यावर ठेवलेल्या पदार्थातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांची चाहूल नॅनोमीटरच्या मापावर घेता आली.

पृष्ठभाग जवळ असण्याचे कारण

अणुकेंद्राचे चुंबकीय क्षेत्र अत्यंत क्षीण असते आणि ते अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. एका हायड्रोजन अणुकेंद्राचे क्षेत्र ५ नॅनोमीटर अंतरावर फार तर २० नॅनोटेस्लाच्या आसपास असते. पृथ्वीच्या क्षेत्राशी तुलना केली तर हे त्याच्या दोन-हजारांश झाले. अंतर दुप्पट करून १० नॅनोमीटर केले की क्षेत्र एक-अष्टमांश उरते. दहापट करून ५० नॅनोमीटर केले की ते एक-सहस्रांश होते. म्हणून बाहेरच्या पदार्थातील अणुकेंद्रे जाणून घ्यावयाची असतील तर संवेदक केंद्र हिऱ्याच्या पृष्ठभागाखाली काही नॅनोमीटरवरच असले पाहिजे.

अशी उथळ केंद्रे तयार करण्यासाठी कृत्रिम शुद्ध हिऱ्यावर नायट्रोजनचे आयन मारतात. आयनांची ऊर्जा काही हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ठेवली की ते काही नॅनोमीटर खोल जाऊन थांबतात. त्यानंतर हिरा निर्वातात ८०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापवितात. या उष्णतेने रिक्त जागा जालकात फिरू लागतात, आणि ज्या नायट्रोजनला लागून त्या स्थिरावतात तेथे केंद्र निर्माण होते. सर्व आयन एकाच खोलीवर थांबत नाहीत. त्यामुळे प्रत्येक केंद्राची खोली नंतर स्वतंत्रपणे ठरवावी लागते.

पृष्ठभागाचा उपद्रव

जवळीक साधली की तिची किंमतही द्यावी लागते. हिऱ्याच्या आतील अणूला चार शेजारी असतात. पृष्ठभागावरील अणूला ते पुरे पडत नाहीत. तेथील काही बंध मोकळे राहतात आणि त्यांवरचे अयुग्मित इलेक्ट्रॉन स्वतःच चुंबक बनतात. इलेक्ट्रॉनाचे चुंबकीय परिबल हायड्रोजन अणुकेंद्राच्या सुमारे ६६० पट असते. साहजिकच हव्या त्या अणुकेंद्राचा संकेत या कोलाहलात बुडून जाण्याचा संभव असतो. यात दोन गोष्टींची भर पडते. हवेत ठेवलेल्या हिऱ्यावर हायड्रोजनयुक्त पदार्थांचा नॅनोमीटरभर जाडीचा थर आपोआप बसतो. तसेच पृष्ठभागावर हायड्रोजन बद्ध असेल तर लगतच्या केंद्राचा जादा इलेक्ट्रॉन निघून जातो आणि ते केंद्र संवेदक म्हणून निरुपयोगी ठरते.

या उपद्रवाचे मोजमाप दोन कालावधींनी करतात. पहिला कालावधी शिथिलनाचा. शून्य स्थितीत सज्ज केलेले केंद्र आपोआप अन्य स्थितींत मिसळून जाण्यास लागणारा हा काळ होय. दुसरा सुसंगतीचा. दिंडीतील टाळकरी एका ठेक्यावर पावले टाकीत असतात. भोवती गलबला वाढला की ठेका हरवतो आणि प्रत्येकाचे पाऊल वेगळे पडू लागते. परिवलनाचेही असेच होते. ठेका जितका वेळ टिकेल, तितका वेळ क्षीण क्षेत्राचा परिणाम साठविता येतो.

साध्या गणिताने याचे महत्त्व ध्यानात येईल. २० नॅनोटेस्ला क्षेत्रामुळे कंप्रतेत ५६० हर्ट्‌झचा बदल होतो. सुसंगती १०० मायक्रोसेकंद टिकली तर परिवलनाची कला सुमारे २० अंशांनी वळते. १० मायक्रोसेकंदच टिकली तर केवळ २ अंशांनी. खोल असलेल्या केंद्रांत, हिरा कार्बन-१३ या समस्थानिकापासून शुद्ध केलेला असताना, सामान्य तापमानास १.८ मिलिसेकंदांपर्यंत सुसंगती मिळाल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. पृष्ठभागापासून काही नॅनोमीटरवर हाच काळ अनेकदा काही दशक मायक्रोसेकंद, कित्येकदा त्याहूनही कमी भरतो. म्हणजे संकेत वाढावा म्हणून पृष्ठभागाकडे सरकावे, तर तो संकेत ऐकण्याचा वेळच घटतो. या क्षेत्रातील बहुतेक संशोधन या पेचाभोवती फिरते.

यावर दोन दिशांनी उपाय केले जातात. पहिला उपाय पृष्ठभागावर. हिरा तीव्र अम्लांच्या मिश्रणात उकळून स्वच्छ करतात आणि नियंत्रित तापमानास ऑक्सिजनमध्ये तापवून त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे अणू बद्ध करतात. त्यामुळे मोकळे बंध कमी होतात आणि केंद्राचा ऋणभार टिकतो. दुसरा उपाय परिवलनावर. अर्ध्या वेळेनंतर सूक्ष्मतरंगांच्या स्पंदाने परिवलन उलटविले, तर सावकाश बदलणाऱ्या क्षेत्रामुळे पडलेला फरक उत्तरार्धात भरून निघतो. १९५० साली एर्विन हान यांनी शोधलेल्या ‘प्रतिध्वनी’चे हे तत्त्व आहे. असे स्पंद ठराविक अंतराने पुनःपुन्हा दिले की केंद्र बहुतेक कंप्रतांना बधिर होते, पण स्पंदांच्या तालाशी जुळणाऱ्या कंप्रतेला मात्र अधिक संवेदनशील बनते. नको ते गाळणे आणि हवे ते निवडणे ही दोन्ही कामे एकाच युक्तीने साधतात. तथापि पृष्ठभागावरील जे इलेक्ट्रॉन अतिशय वेगाने उलटसुलट होतात, त्यांच्यापुढे ही युक्ती पुरी पडत नाही. तेथे पृष्ठभाग सुधारणे हाच मार्ग उरतो.

फ्लोरीन कसे ओळखावे?

निसर्गातील सर्व फ्लोरीन एकाच समस्थानिकाचे, फ्लोरीन-१९चे असते, आणि त्याच्या अणुकेंद्रास हायड्रोजनप्रमाणेच अर्धे परिवलन असते. त्यामुळे ते या पद्धतीस अनुकूल आहे. अडचण ही की, त्याची कंप्रता हायड्रोजनच्या फार जवळची आहे. ३० मिलिटेस्ला क्षेत्रात हायड्रोजनची कंप्रता सुमारे १.२७७ मेगाहर्ट्‌झ, तर फ्लोरीनची १.२०२ मेगाहर्ट्‌झ येते. दोहोंतील अंतर सुमारे ७६ किलोहर्ट्‌झ. दोन कंप्रता वेगळ्या ओळखण्यासाठी त्यांच्यातील अंतराच्या व्यस्ताइतका तरी वेळ निरीक्षण करावे लागते. येथे तो सुमारे १३ मायक्रोसेकंद येतो. हिऱ्यावर हायड्रोजनयुक्त थर असतोच. म्हणून ज्या केंद्राची सुसंगती १० मायक्रोसेकंदच टिकते त्याला फ्लोरीन व हायड्रोजन हे भिन्न आहेत हे सुखासुखी सांगता येणार नाही. जे केंद्र १०० मायक्रोसेकंद टिकते ते सहज सांगेल. पृष्ठभागाची निगा आणि पदार्थाची ओळख यांचा संबंध असा प्रत्यक्ष आहे. २०१५ साली हार्वर्ड येथील संशोधकांनी उथळ केंद्रांच्या साहाय्याने हायड्रोजन, फ्लोरीन व फॉस्फरस या तिन्ही अणुकेंद्रांचे संकेत वेगवेगळे मिळविले.

विहिरीच्या पाण्याचे गणित

मग हातपंपाच्या पाण्याचा थेंब हिऱ्यावर ठेवून फ्लोराइड मोजता येईल काय? लिटरमागे १.५ मिलिग्रॅम या मर्यादेवर एका लिटरमध्ये सुमारे ४.७५ गुणिले १० चा १९ वा घात इतके फ्लोराइड आयन असतात. संख्या प्रचंड वाटते. परंतु हिऱ्यातील केंद्र लिटरभर पाणी पाहतच नाही. १० नॅनोमीटर बाजूचा एक घन, म्हणजे १,००० घन नॅनोमीटर पाणी, एवढाच त्याचा टापू. एवढ्या जागेत सरासरीने ०.०५ फ्लोराइड आयन येतो. म्हणजे असे वीस घन तपासावेत तेव्हा एक आयन सापडावा. त्याच एका घनात पाण्यातील हायड्रोजनची अणुकेंद्रे मात्र सुमारे ६७,००० असतात. एका फ्लोराइडमागे सुमारे चौदा लाख हायड्रोजन, असे हे प्रमाण पडते. शिवाय पाण्यातील आयन एका जागी थांबत नाही. १० नॅनोमीटरचा टापू तो सेकंदाच्या कोट्यंशाच्या आसपास ओलांडून जातो. १३ मायक्रोसेकंद ऐकण्याची गरज असता तो त्याच्या शतांश वेळही थांबत नाही.

निष्कर्ष स्पष्ट आहे. विहिरीच्या पाण्यातील फ्लोराइड मोजण्यास आज हे साधन योग्य नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील फ्लोराइड-संवेदी विद्युतघट आणि गावपातळीवरील रंगबदलाची चाचणी हीच विश्वसनीय व स्वस्त साधने होत. नवे साधन आले म्हणजे जुने टाकाऊ ठरते असे नाही.

घन पृष्ठभागावरील फ्लोराइड

प्रश्नाचा दुसरा भाग मात्र वेगळा आहे. फ्लोराइड मोजल्यानंतर ते काढावयाचे कसे? नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात ‘नळगोंडा पद्धत’ विकसित केली. पाण्यात तुरटी व चुना मिसळला की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पुंजके बनतात, फ्लोराइड त्यांना चिकटते आणि तळाशी बसते. सक्रियित ॲल्युमिनाच्या गाळण्यांतही फ्लोराइड घन कणांच्या पृष्ठभागास चिकटते. अशा गाळणीची शक्ती वापरानुसार घटत जाते आणि ती पुनरुज्जीवित करावी लागते. फ्लोराइड पृष्ठभागावरील नेमक्या कोणत्या जागी बसते, इतर क्षार त्याची जागा कसे घेतात आणि पुनरुज्जीवनानंतर कोणत्या जागा मोकळ्या होत नाहीत, हे सारे प्रश्न नॅनोमीटरच्या मापाचे आहेत.

येथे हिऱ्यातील उथळ केंद्रांना वाव आहे. घन पृष्ठभागास चिकटलेले फ्लोराइड वाहून जात नाही. समजा, प्रत्येक चौरस नॅनोमीटरवर एक फ्लोराइड बसले आहे. तर १० नॅनोमीटर बाजूच्या चौरसात १०० फ्लोराइड येतील. मर्यादेवरील पाण्याच्या तुलनेत केंद्राच्या टापूतील ही संख्या सुमारे दोन हजार पट झाली. २०२२ साली म्युनिक येथील तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी हिऱ्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढविला, त्यावर सेंद्रिय रेणूंचा एकेरी थर जोडला आणि त्या थरातील फ्लोरीन व फॉस्फरसचे संकेत मिळविले. तो प्रयोग पाणी शुद्ध करण्यासाठी नव्हता. परंतु ॲल्युमिनियम ऑक्साइड हेच गाळणीचेही द्रव्य असल्याने, फ्लोराइड त्यावर कसे बसते व कसे सुटते हे जवळून पाहण्याची दिशा त्यातून सूचित होते. या दिशेने यश आले तर त्याचा लाभ अधिक काळ टिकणाऱ्या गाळणीच्या रूपाने होऊ शकेल.

देशातील व राज्यातील प्रयत्न

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी ‘राष्ट्रीय क्वांटम मिशन’ला मंजुरी दिली. २०२३-२४ ते २०३०-३१ या कालावधीसाठी त्यास ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद आहे. या अभियानाखाली २०२४ साली चार केंद्रे जाहीर झाली; त्यांपैकी पुंज संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र मुंबई येथील आयआयटीकडे आले. तेथे प्रा. कस्तुरी साहा यांचा गट हिऱ्यातील नायट्रोजन-रिक्तस्थान केंद्रांच्या साहाय्याने चुंबकीय प्रतिमा घेण्याचे काम करीत आहे. पुणे येथील आयसर या संस्थेतही पुंज तंत्रविज्ञानाचे केंद्र आहे. कृत्रिम हिऱ्यांची बीजे व यंत्रे देशातच तयार व्हावीत यासाठी २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आयआयटीला संशोधन अनुदान देण्याची घोषणा झाली आणि हे काम मद्रास येथील आयआयटीकडे सोपविण्यात आले. संवेदकासाठी लागणारा हिरा अलंकाराच्या हिऱ्याहून रासायनिकदृष्ट्या कितीतरी शुद्ध असावा लागतो, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

या विषयाचा प्राथमिक प्रयोग महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहे. दोषयुक्त हिऱ्याचा लहान तुकडा, हिरवा लेसर, तांबडा प्रकाशच जाऊ देणारे गाळणपट, प्रकाशसंवेदी डायोड आणि २.८७ गिगाहर्ट्‌झच्या आसपास फिरविता येणारा सूक्ष्मतरंग-जनक एवढ्या साहित्यावर अनुस्पंदनाची रेषा पाहता येते. लहान चुंबक जवळ आणला की ती रेषा दुभंगते. हिरा तापविला की ती खाली सरकते. यवतमाळ, पांढरकवडा वा वणी येथील विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याला पदार्थविज्ञानातील परिवलन, रसायनशास्त्रातील पृष्ठभाग आणि गावातील पाण्याचा प्रश्न हे तिन्ही विषय एकत्र अभ्यासण्याची संधी यातून मिळू शकेल.

तोपर्यंत आजची कर्तव्ये बदलत नाहीत. पिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक विंधन विहिरीच्या व हातपंपाच्या पाण्याची नियमित तपासणी करून घेणे, ज्या स्रोतात फ्लोराइड मर्यादेबाहेर आढळेल त्याचे पाणी पिण्यास व स्वयंपाकास न वापरणे, आणि गाळणी बसविली असेल तेथे तिच्यातून बाहेर येणारे पाणी ठराविक मुदतीने पुन्हा तपासणे, हे आवश्यक आहे. गाळणीतून पाणी येत राहते म्हणजे ती काम करीत आहे असे समजू नये. फ्लोराइड थोपविण्याची तिची शक्ती संपलेली असली तरी पाणी पूर्वीसारखेच स्वच्छ दिसते.